कातड्यातून निसटलेले नरहरपंत

"हे कोनाले खरं वाटनार नाई, अन् ज्याले वाटीन त्यानं आधी आपलं डोकं तपासून घ्यावं," असं म्हणून रंगराव जिनिंगच्या फाटकासमोर, फहीमच्या टेम्पोच्या सावलीत, एका रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसले.

कापसाच्या गाड्यांची रांग सकाळपासून जागची हलली नव्हती. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, मधे सईद बाईंडरच्या फहीमचा टेम्पो. शेजारच्या ट्रॉलीवर छाया कापसाच्या ढिगात पाय खुपसून बसली होती. तिचे वडील ओलाव्यापोटी वजनात होणाऱ्या कटतीवरून फाटकावर भांडायला गेले होते आणि त्यांचा आवाज रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू येत होता. अशा वेळी रंगरावांशिवाय दुसरी करमणूक नाही.

"हे वाच बरं," त्यांनी आपलं टोकन फहीमपुढे धरलं. "माह्या डोळ्याले कधीचंच नुसतं काळं अन् पांढरं दिसून राह्यलं. अक्षर म्हनून काई नाई."

फहीमनं नंबर वाचून दाखवला. अजून बराच वेळ होता.

"मंग ऐका. ज्या साली गुलाबी अळीनं आपल्या बोंडाबोंडात बिऱ्हाड केलं, त्या सालची गोष्ट. यात माहं नाव कुठंच येत नाई. सारी करामत भगवंतराव कंट्रोलरची."

ट्रॉलीकडे नीट पाठ करून रंगरावांनी सांगितलं ते असं.

१

अमडापूरच्या वाचनालयात एक काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटात नरहरपंत उंद्रीकर राहत असत.

म्हणजे त्यांचं पुस्तक. पण गावात पुस्तक असं कोणी म्हणतच नसे. 'पंतांचं कपाट पुसलं का', 'पंतांना वाळवी तर नाही ना लागली', अशीच भाषा. नरहरपंत शंभराहून अधिक वर्षांमागचे. वैद्यकी त्यांची, जमिनीची मोजणी त्यांची, ग्रहणं तेच वर्तवत, सारंगी स्वतः करून स्वतः वाजवत. सात भाषांत भांडत आणि आठवीत समेट करत. नाडी धरली की रोग्याचाच नव्हे, रोग्याच्या बैलाचाही आजार सांगत. एवढं करून उरलेल्या वेळात त्यांनी निबंध लिहिले: मौनाविषयी, सावलीविषयी, पाऊस थांबल्यावर माणसाला काय वाटतं त्याविषयी. पुस्तकाचं नाव 'फावल्या वेळचे विचार'. पहिलं हस्तलिखित त्यांच्या बोकडानं खाल्लं. तेव्हा पंतांनी सगळं पुन्हा लिहिलं, छापलं आणि त्याच बोकडाच्या कातड्यात बांधून घेतलं, असं सांगतात. तपकिरी कातडं, सोनेरी अक्षरं. अशी प्रत दुसरीकडे कुठे नव्हती, म्हणून ती वाचनालयाबाहेर न्यायची नाही असा कडक नियम होता.

तर त्या वर्षीच्या हिवाळ्यात पुण्याहून एक जुन्या पुस्तकांचे जाणकार पंतांना भेटायला आले. येणार होते पुढच्या आठवड्यात, आले आधीच. वाचनालयाचा चिटणीस ऋत्विक, ज्याचं बाजारात बी-बियाण्यांचं दुकान, त्यानं लगबगीनं कपाट उघडलं. सोनेरी अक्षरं चमकली. पाहुण्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, डोळे मिटून कातड्याचा वास घेतला आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'बोंडअळीला विसरा! दोन पाकिटांवर टोपी मोफत.'

त्यांनी दुसरं पान उलटलं. तिथेही टोपी मोफत. तिसरंही तसंच. पार शेवटपर्यंत कापसाच्या बियाण्याची पत्रकं, नीट रचलेली, आणि भोवती नरहरपंतांचं कातडं.

"हे... निबंध आहेत?" पाहुण्यांनी विचारलं.

ऋत्विकनं घाईघाईनं पुस्तक मिटलं. कारण ती पत्रकं त्याच्याच दुकानातली होती.

२

भगवंतरावांना बोलावणं गेलं.

भगवंतराव चिखलीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. 'गाडी कुठी हाय' या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर 'येईलच' असं उत्तर दिलं, आणि गाडी बहुतेक वेळा आली. त्यातून त्यांना सगळं कळतं अशी समजूत झाली. एकदा जालन्याच्या गाडीत चुकून चढलेलं अख्खं वऱ्हाड त्यांनी देऊळगाव राजाला उतरवून नवरीपर्यंत पोचवलं, तेव्हापासून तर हरवलेलं काहीही शोधायला लोक त्यांच्याकडेच येत. त्यांना स्वतःला मात्र ठाऊक होतं की आपल्याला काहीच कळत नाही. विचार करायला बसलं की डोक्यात सगळ्या फलाटांच्या घोषणा एकदमच सुरू व्हायच्या.

त्यांनी रिकामं कातडं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"चोर येडा हाय का शाना, तेच समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "विकाचं असतं तं कातड्यासकट नेलं असतं. सोनं याच्यावरच हाय."

"काका, त्यात समजाचं काय?" ऋत्विक म्हणाला. "कातडं जागच्या जागी ठेवून आतलं काढनं बाईंडरशिवाय कोनाले जमते? शिवन सुटली म्हनून सईदभाईकडंच देलं होतं. त्यायनंच आनून कपाटात ठेवलं, वरून म्हने, 'हप्ताभर हात लावू नका.' आता समजलं काऊन! कमिटीनं ठरवलं हाय. रविवारच्या मीटिंगपर्यंत पंत वापस आले नाई, तं सईदभाईची बैठक व्हरांड्यातून उठवाची."

सईदभाईंची बैठक म्हणजे वाचनालयाच्या व्हरांड्याचा एक कोपरा. तिथे त्यांचे आजोबा बसत, वडील बसत, आता ते बसत. तालुक्यातल्या फाटक्या क्रमिक पुस्तकांपासून मशिदीतल्या कुराणापर्यंत सगळं त्या कोपऱ्यात येऊन शहाणं होऊन जाई. तो कोपरा सुटला की सईदभाईंना दुसरीकडे जागा मिळेलही, पण पुस्तकचोर बाईंडरकडे पुस्तक कोण देणार?

भगवंतराव गेले तेव्हा ते लाल खारवा कापत होते. वह्यांच्या पुठ्ठ्यांना आणि दप्तरांना लावतात तो जाड तांबडा कपडा.

"पंत कुठी हायेत, सईदभाई?"

"हायेत. खुशाल हायेत."

"म्हंजे तुमाले माहीत हाय!"

"मले माहीत हाय का नाई, हे बी मले सांगता येत नाई, भाऊ. जबान देली हाय."

"कोनाले?"

"ते सांगतलं तं मंग जबान काय राह्यली?"

"अहो, रविवारी तुमचा शिकंजा रस्त्यावर फेकतीन!"

शिकंजा म्हणजे पुस्तक दाबून धरायचं लाकडी यंत्र. आजोबांच्या हातचा. सईदभाईंनी त्यावरून तळवा फिरवला, जसा कोणी म्हशीच्या पाठीवरून फिरवतो.

"फेकतीन तं फेकतीन. मंगळवारपर्यंत मी काई बोलनार नाई. मंगळवारी या, चहा घेऊ."

भगवंतरावांनी कातड्याच्या आत बोट घालून पाहिलं. शिवणीचे दोरे फाटले नव्हते. एकेक करून धारदार सुरीनं कापले होते. कातडं अजून किंचित ओलसर होतं. म्हणजे काम सईदभाईंचंच. पण चोरी करणारा माणूस 'मंगळवारी चहा घेऊ' म्हणतो? आणि 'हप्ताभर हात लावू नका' म्हणतो, म्हणजे हप्त्यानंतर काय? भगवंतरावांच्या डोक्यात मेहकरची गाडी फलाट सोडून निघाली आणि खामगावची त्याच वेळी आत शिरली.

तेवढ्यात त्यांना आठवलं: पत्रकं ऋत्विकच्या दुकानातली. आणि दुकानामागच्या खोलीला त्यानं हल्लीच नवं कुलूप लावलं होतं.

३

कुलूप होतं, पण खिडकीला गज नव्हते. भगवंतराव भर दुपारी, ऋत्विक जेवायला गेल्याचं पाहून, आत उतरले आणि थेट गळ्यापर्यंत कापसात गेले.

त्या वर्षी कापूस सगळ्यांच्याच घरात साठला होता. अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, भावाची वाट पाहणारा. पंतांना दडवायला याहून चांगली जागा नाही, असं भगवंतरावांना एकदम पटलं. ते ढीग उपसू लागले. आधी मान खाजली. मग पाठ. मग जिथे हात पोचत नाही ती जागा. घरात साठवलेला कापूस असाच अंगाला डसतो. कापसातल्या प्रत्येक किड्यानं त्यांच्या अंगावर सह्या केल्या, तरी ते उपसत राहिले, आणि तळाशी हाताला एक गच्च भरलेलं पोतं लागलं.

"सापडले पंत!" ते ओरडले आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं.

आत लहान लहान पाकिटं होती. शेकड्यानं.

"काका," मागून आवाज आला, "तुमी काय करून राह्यले इथी?"

दारात ऋत्विक. भगवंतराव एका हातानं पाठ खाजवत, दुसऱ्या हातात पाकीट धरून उभे राहिले. चोर कोण आणि पकडला कोण गेला, हे काही क्षण दोघांनाही कळलं नाही.

ऋत्विक रागावला नाही. तो कापसाच्या ढिगावर मटकन बसला. "दिसलं ना शेवटी. मले वाटलंच होतं कोनी तरी हे पोतं काढीन."

"हे काय हाय?"

"काठाचं बियानं. मोठ्या पाकिटासंगं येते. साधं कापसाचं, वावराच्या काठानं पेराचं. अळी त्यात रमते, मंग मोठ्या पाकिटातलं अळीमार बियानं तिच्या अंगवळनी पडत नाई. लोकं मोठं पाकीट नेत, हे इथंच टाकून जात. मी बी कोनाले म्हनलो नाई, न्या बाप्पा, पेरा." त्यानं मान खाली घातली. "महादेवराव काकानं मले इचारलं होतं. मी म्हनलो, काठाचं नाई पेरलं तरी चालते. त्यायनं गावाले तसंच सांगतलं. गावानं ऐकलं. काका, पुस्तक मी नाई नेलं. पत्रकं तं माह्या दुकानातून कोनी बी उचलून नेते, चुली पेटवाले."

भगवंतराव खाजवत राहिले. सापडलं होतं ते वेगळंच काहीतरी, आणि ते कोणाला परत करायचं हे त्यांना समजेना.

"एक सांगू?" ऋत्विक म्हणाला. "पंतायले घरी न्याचं म्हनून एकच मानूस माह्या मागं लागलं होतं. दोनदा आली. मी दोन्ही खेपेस नियम दाखवला."

"कोन?"

"महादेवराव काकाची बायको. सत्यभामाकाकू."

४

महादेवराव म्हणजे गावाचा सल्ला. कोणतं वाण लावायचं, फवारणी कधी, मुलगी कुठे द्यायची, सगळं त्यांना विचारून. तरुणपणी वाचनालयात बसून त्यांनी पंतांचं पुस्तक एवढं वाचलं होतं की बोलता बोलता त्यातली वाक्यं पेरत. मग अळी आली. गावातल्या एकानंही त्यांना दोष दिला नाही. दिला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. महादेवराव स्वतःच एके दिवशी "मले आता काई इचारू नका" एवढं बोलले आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर निजले. दसरा गेला, दिवाळी गेली. त्यानंतर त्यांच्या तोंडून एक शब्द नाही.

भगवंतराव त्यांच्या घरी गेले तेव्हा आतून उदबत्तीचा वास येत होता. दारात महादेवरावांची लेक उभी होती.

"चपला तिकडं काढा, काका. अन् पट्टा बी काढा."

"पट्टा? काऊन?"

"आईचं पारायन चालू हाय. चौरंगापुढं कातडं नाई चालत. पैशाचं पाकीट बी द्या इकडं."

भगवंतरावांनी पट्टा दिला, पाकीट दिलं आणि एका मुठीत पँट धरून आत गेले. सगळी विचारपूस त्यांनी तशीच एका हातानं केली, आणि अंग तर अजून खाजतच होतं.

चौरंगावर लाल कपड्यात पोथी होती. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. कोपऱ्यात बाजेवर महादेवरावांची पाठ. आणि चौरंगामागे वाचायला बसले होते देऊळगाव राजाहून खास बोलावलेले एक महाराज. काय वर्णावं? उंचेपुरे, तरतरीत नाक, कपाळावर तेज, आवाज असा की ऐकणाऱ्याची भूक मरावी. (इथे रंगराव पोत्यावर जरा ताठ बसले.) पाठांतर तर असं की सगळा वेळ त्यांनी एकही पान उलटलं नाही.

"...आणि मग तो पंडित," महाराज वाचत होते, "भर दुपारी उंद्रीहून चिखलीच्या यष्टीत चढला. पाहते तं काय, खिडकीजवळच्या सीटवर एक बोंड बसलेलं. एवढं मोठं, एवढं मोठं, की कंडक्टरनं त्याचं फुल तिकीट फाडलं."

भगवंतरावांच्या कपाळाला आठी पडली. फुल तिकीट? बोंडाला लगेज लागतं. आणि उंद्रीहून चिखलीला त्या वेळेला गाडी तरी कुठे होती? हे पोथीत कसं काय छापलं? ते तोंड उघडणार, तोच बाजेवर काहीतरी हललं. महादेवरावांच्या पायाचा अंगठा. एकदाच. जणू त्यालाही फुल तिकिटाबद्दल काही म्हणायचं होतं.

सत्यभामाबाईंनी तो अंगठा पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"वहिनी," भगवंतराव हलक्या आवाजात म्हणाले, "पंतांचं पुस्तक..."

"पारायन सरू द्या, भाऊजी. मंगळवारी समाप्ती हाय. मंग जे इचाराचं ते इचारा. मधी मोडलं तं..." त्या बाजेकडे पाहून थांबल्या. "कालपर्यंत अंगठा बी हलत नव्हता."

भगवंतरावांनी पोथीपुढे डोकं टेकवलं, साखरेचा प्रसाद घेतला आणि बाहेर पडले. इथेही पंत नव्हते. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी राहिली: पोथी आडवी असते. ही उभी होती.

पण तेवढ्यात पाठ इतकी खाजली की तो विचार तिथेच राहिला.

५

रविवारी वाचनालय भरलं. पुण्याचे पाहुणेही मागच्या खुर्चीत येऊन बसले, मांडीवर रिकामं कातडं घेऊन. सईदभाई व्हरांड्यात शिकंज्याशेजारी उभे, हाताची घडी घालून.

"भगवंतराव, सांगा," अध्यक्ष म्हणाले. "लागला का पत्ता?"

'येईलच' असं म्हणायला भगवंतराव उठले. आणि उठल्याबरोबर त्यांची पँट खाली सरकली.

सभा हसली. भगवंतरावांनी दोन्ही मुठींनी पँट धरली आणि ओरडले, "माहा पट्टा!"

"पट्ट्याचं मंग पाहू, आधी पुस्तक..."

"पट्टाच तं पुस्तक हाय!"

आता सभा हसायची थांबली. म्हातारा कामातून गेला असं सगळ्यांना वाटलं. भगवंतरावांच्या डोक्यात मात्र आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गाड्या आपापल्या फलाटाला लागल्या होत्या.

"माहा पट्टा एका घरी राह्यला," ते म्हणाले. "काऊन राह्यला? तं त्या घरात पारायन हाय अन् आत कातडं चालत नाई. आता मले सांगा, नरहरपंत त्या घरात गेले तं त्यायले काय काढून जा लागीन?"

पाहुण्यांनी मांडीवरच्या कातड्याकडे पाहिलं.

"पैशासाठी चोरी करनारा कातडं सोडत नाई. म्हंजे हे ज्यानं नेलं त्याले आतला शब्दच पाह्यजे होता. शिवन कापली सईदभाईनं, ते त्यायचं कामच हाय. शिवाचं म्हनलं तं आधी उसवाच लागते. पन 'हप्ताभर हात लावू नका' म्हनले, म्हंजे हप्त्यानं पानं वापस येनार होती. हप्ता कायचा असते? पारायनाचा. चौरंगावर पोथी पाह्यली मी. आडवी पाह्यजे, ती उभी. गुंडाळली कशात? लाल खारव्यात. गावात खारवा कापते कोन?"

सगळ्यांच्या माना व्हरांड्याकडे वळल्या.

"अन् ही पत्रकं?" ऋत्विकनं विचारलं. "लोकायले फसवाले भरली ना?"

सईदभाईंना आता राहवेना. "फसवाले नाई रे बाबा! कातडं ओलं करून साफ केलं होतं. ओलं कातडं रिकाम्या पोटी वाळवलं तं आकसते, वाकडं होते. पंतायच्या जाडीचं काई तरी आत भराव लागते. तुह्या दुकानाची रद्दी जाडीले बरोबर बसली. तुमी उघडून वाचसान, हे मले काय माहीत?"

"म्हणजे," पाहुणे सावकाश म्हणाले, "आम्ही पुस्तक नाही, साचा वाचत होतो."

"पंत कुठी हायेत ते सांगा!" अध्यक्ष गरजले.

भगवंतराव पँट सावरत खाली बसले. त्यांना एकदम कळलं की आपण कोडं सोडवलं आणि त्याच दमात एका बाईचं पारायण मोडलं. मंगळवारला अजून अवकाश होता. पण पारायण कोणाकडे चालू आहे हे गावाला ठाऊकच होतं, आणि सभा तोवर चपला घालू लागली होती.

६

सगळं वाचनालय महादेवरावांच्या दारात येऊन थडकलं. पट्टे काढायला कोणी थांबलं नाही. महाराजांचं वाचन ऐन रंगात आलं होतं. ऋत्विक पुढे झाला आणि त्यानं चौरंगावरच्या लाल कपड्याकडे हात नेला.

"हात लावू नको, ऋत्विक," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "नियम मोडला तो म्या मोडला. सईदभाईले मीच जबान मागतली होती. आमच्या यायले हे पुस्तक आवडे, म्हनून हेच वाचाचं ठरवलं. दुसरं काई म्या करून पाह्यलं नाई असं नाई. मंगळवारी घेऊन जाजा. सईदभाईले काई म्हनू नका."

"काकू, गाव म्हनते..." ऋत्विक अडखळला. बाजेवरच्या पाठीकडे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचा हात हवेतच राहिला.

महाराज मात्र वाचत राहिले. घरात एवढं रामायण चाललेलं, पण त्यांचा सूर ढळला नाही.

"आणि मग," रंगराव म्हणाले, आणि जिनिंगपुढची सगळी रांग त्यांच्याकडे झुकली, "मंग महाराजायच्या त्या अमृतवानीनं महादेवराव बाजेवर उठून बसले. तेजानं घर भरलं. त्यायनं सभेवर नजर फिरवली, सईदभाईच्या खांद्यावर हात ठेवला अन् धीरगंभीर आवाजात म्हनाले, 'बंधूंनो! ज्ञान कातड्यात राहत नाही, ज्ञान कागदात राहत नाही. ज्ञान राहते दिलेल्या शब्दात!' सारे रडले. ऋत्विक रडला, अध्यक्ष रडले, पुन्याचा पाहुना रडला. बाहेर बैल बांधले होते, ते बी..."

"खोटं!"

छाया ट्रॉलीवर उभी राहिली होती, केसांत कापूस, कमरेवर हात.

"कोनता महाराज, रंगराव काका? देऊळगाव राजाहून कोनी आलंच नाई. दारात भगवंतकाकाचा पट्टा मीच घेतला होता. वाचाले तुमीच बसले होते, बाबाचे लहानपनचे दोस्त म्हनून! अन् आईनं घाईत पोथी तुमच्यापुढं उलटी ठेवली होती. शेवटपर्यंत तुमच्या ध्यानात आलं नाई. पंतायच्या पुस्तकातला एक शब्द वाचला नाई तुमी. यष्टी काय, बोंड काय..."

रांगेत हसू फुटलं. रंगरावांनी आभाळाकडे पाहिलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं.

"पन मंग महादेवचाचा बोलले, ते तं खरं ना?" फहीम म्हणाला. "अब्बाची बैठक तं अजून तिथंच हाय."

"ते मंग बोलले. सईदचाचाले कोनी हात लावाचा नाई, ते बी म्हनाले, ऋत्विकले बी जवळ बसवलं, सारं मंग." फाटकाकडून ओलाव्याच्या कटतीवरचा तो आवाज पुन्हा चढला, आता आणखी दोघांना गप्प करणारा. छायानं तिकडे मान वळवली आणि तिला हसू आवरेना. "पयला शब्द कायचा होता, मले इचारा. तुमी वाचत होते, बोंड चिखलीले उतरलं अन् सरपंचाच्या निवडनुकीले उभं राह्यलं. बाबा भिंतीकडून वळले, उठून बसले, अन् साऱ्या गावापुढं तुमाले म्हनाले, 'रंग्या, खोटं बोलून राह्यला बे तू!'"